डोळा सुजला म्हणून काढलेला एमआरआय: नागपुरात मिळणारं ऑर्बिट स्कॅन कितपत कामाचं?

"डोळा बाहेर येऊन राहिला, सूज काही उतरत नाही." ही तक्रार घेऊन भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीहून आणि पलीकडच्या बालाघाट-छिंदवाड्याहूनही माणसं नागपुरात उतरतात. धंतोलीत किंवा रामदासपेठेत डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवतात, हातात एक चिठ्ठी पडते आणि ती स्कॅन सेंटरच्या काउंटरवर सरकवली जाते. हे परीक्षण त्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या सेवेचं आहे. कुठल्या एका सेंटरचं नाही. डोळ्याच्या खोबणीचा, म्हणजे ऑर्बिटचा, एमआरआय शहरात जसा मिळतो तसा, काउंटरपासून रिपोर्टपर्यंत पाहिला आहे.

आमचं मत आधीच सांगतो. यंत्रं आणि तंत्रज्ञ यांना ५ पैकी ४ गुण. चिठ्ठी आणि काउंटर यांना २. रिपोर्टला ३, तेही रिपोर्ट कोण वाचतं त्यावर. बाहेरून स्कॅन काढून घेणाऱ्या माणसाला वाटतं की मोठं यंत्र म्हणजे चांगलं स्कॅन. या आजारात तसं नाही. इथे स्कॅन बिघडतं ते बहुतेक वेळा चिठ्ठीवरच्या दोन शब्दांनी.

एवढं बारकाईनं पाहायला कारण आहे. खोबणीतला दाह आणि कवटीच्या आतून खोबणीत शिरलेली गाठ बाहेरून हुबेहूब सारख्या दिसू शकतात. पापणी सुजलेली, डोळा पुढे आलेला, कधी लाली, कधी एकाचे दोन दिसणं. दाहाला स्टिरॉइड लागतं, गाठीला न्यूरोसर्जन. आणि खरा घोळ पुढे होतो: गाठीच्या रुग्णालाही स्टिरॉइडनं चार दिवस बरं वाटतं, कारण गाठीभोवतीची सूज ओसरते. मग "औषध लागू पडलं" म्हणून दाहाचा शिक्का पक्का होतो. डोस कमी करत आणला की डोळा परत फुगतो, परत डोस वाढतो, आणि यात महिने जातात. लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, तर स्टिरॉइडनं काही काळ विरघळल्यासारखाच होतो आणि त्यानंतर तपासणीसाठी घेतलेल्या तुकड्यात (बायोप्सीत) सापडतही नाही. म्हणून स्टिरॉइडनं उतार पडला, हा दाहाचा पुरावा धरायचा नाही. नजर झपाट्यानं जात नसेल तर स्कॅन आधी, स्टिरॉइड नंतर. हा क्रम उलटला की चांगल्यातलं चांगलं सेंटरही फारसं काही करू शकत नाही.

सगळ्यात फसवी गाठ म्हणजे स्फेनॉइड हाडाच्या पंखावरचा मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणारी गाठ. कानशिलाच्या आत, खोबणीची बाहेरची भिंत जिथे मेंदूच्या पोकळीला टेकते, तिथे हा वाढतो. गोळ्यासारखा नाही, तर गालिच्यासारखा पसरट, मेंदूच्या आवरणावरून सरकत जाणारा. तो हाडात शिरतो आणि हाड जाड होत जातं. डोळा पुढे येतो तो बऱ्याचदा या जाड झालेल्या हाडाच्या रेट्यानं. दुखत नाही, घाई करत नाही, महिने-वर्षं घेतो. कानशिलाचा खळगा भरून आलेला दिसतो, पण केसांच्या आणि चष्म्याच्या काडीच्या आड तो कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे दृष्टीची नस ज्या बोगद्यातून जाते तो ऑप्टिक कॅनाल अरुंद होतो आणि रंग फिके पडू लागतात. एकेक डोळा झाकून एखादं लालभडक झाकण पाहा. एका डोळ्याला ते विटकरी किंवा धुवट दिसलं तर नस दबते आहे असं समजून त्याच आठवड्यात दाखवा.

हा मेनिन्जिओमा बायकांमध्ये जास्त आणि बहुतेक मध्यम वयात. नेमक्या याच वयाच्या बायकांमध्ये थायरॉइडही जास्त. थायरॉइडची गोळी चालू असलेल्या पन्नाशीच्या बाईचा एक डोळा पुढे आला, की "थायरॉइडमुळेच" हे उत्तर सगळ्यांच्या तोंडावर तयार असतं. बहुतेक वेळा ते खरंही असतं, कारण मोठ्या माणसांत डोळा पुढे येण्याचं सगळ्यात मोठं कारण थायरॉइडच आहे, एका बाजूचं असो की दोन्ही. पण थायरॉइडमध्ये वरची पापणी वर ओढली जाते, बुबुळाच्या वर पांढरं दिसतं आणि नजर टक लावल्यासारखी वाटते. डोळा पुढे आलाय पण पापणी ओढलेली नाही, उलट खाली लोंबते आहे, तर थायरॉइडच्या निदानावर प्रश्नचिन्ह लावायलाच हवं. रक्तातलं टीएसएच (थायरॉइडची तपासणी) बिघडलेलं आहे, एवढ्यावर डोळ्याचं कारण ठरत नाही.

आता काउंटर.

चिठ्ठीवर बहुधा लिहिलेलं असतं "एमआरआय ब्रेन". काउंटरवरची मुलगी तेच बुक करते. तिची चूक नाही, तिला जे वाचायला मिळालं तेच तिनं केलं. पण साध्या ब्रेन स्कॅनचे काप साधारण ५ मिलिमीटर जाडीचे असतात आणि दोन कापांमध्ये थोडी जागा सुटते. दृष्टीची नस जेमतेम ३-४ मिलिमीटरची. म्हणजे संपूर्ण नस एका कापात मावून जाते, किंवा दोन कापांच्या मधल्या फटीत हरवते. या स्कॅनवर "मेंदू नॉर्मल" असा रिपोर्ट येतो, तो खोटाही नसतो, आणि रुग्ण निश्चिंत होऊन दाहाचे औषध घेत बसतो. उलट, चिठ्ठीवर नुसतं "ऑर्बिट" असेल तर छोट्या चौकटीत फक्त खोबण्या येतात आणि मागचं मेंदूचं आवरण चौकटीबाहेर राहतं. गाठ तिथेच असते.

डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतानाच त्यावर हे येऊ द्या: ऑर्बिट आणि ब्रेन दोन्ही, कॉन्ट्रास्टसह (शिरेतून औषध देऊन), फॅट सप्रेशनसह (चरबीचा उजेड दाबून), काप ३ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ, ॲक्सियल (आडवे) आणि कोरोनल (उभे), कॅव्हर्नस सायनसपर्यंत (खोबणीच्या मागची, नसा आणि रक्तवाहिन्या जाणारी जागा). शेजारी आजाराची एक ओळ: किती दिवसांपासून, दुखतं की नाही, स्टिरॉइड चालू आहे का आणि किती दिवस, थायरॉइड आहे का, आधी कुठे कॅन्सर झाला होता का. ही ओळ रेडिओलॉजिस्टसाठी असते. ती नसेल तर तो अंधारात वाचतो. "डोळ्याला सूज" एवढंच लिहून आलं तर रिपोर्टातही सूजच परत येते.

फॅट सप्रेशनवर थोडं थांबावं लागेल, कारण पैसे मोजून कॉन्ट्रास्ट घेतलेलं स्कॅन याच एका गोष्टीवाचून वाया गेलेलं पाहायला मिळतं. खोबणी चरबीनं भरलेली असते. टी-वन चित्रात चरबी पांढरीशुभ्र दिसते. कॉन्ट्रास्ट घेतलेली गाठही पांढरी दिसते. पांढऱ्यावर पांढरं, काही कळत नाही. फॅट सप्रेशन लावलं की चरबी काळी पडते आणि त्या काळ्यावर जे उजळतं ते खरंखुरं उजळलेलं असतं. आता कोरोनल फिल्म उजेडासमोर धरा. कोरोनल म्हणजे चेहऱ्याच्या समोरून मागे मागे पाडलेले काप. खोबणीच्या मधोमध नसेचा ठिपका, भोवती चार स्नायू. थायरॉइड असेल तर खालचा आणि नाकाकडचा स्नायू आधी फुगलेला दिसतो, आणि ॲक्सियल कापात त्याचं पोट जाड पण डोळ्याला चिकटणारं टोक बारीकच राहतं. दाहात ते टोकही सुजतं. कानाकडचा स्नायू एकटाच जाड असेल, तर थायरॉइड म्हणण्याआधी दोनदा विचार. आणि मेनिन्जिओमा असेल तर बाहेरच्या भिंतीकडे पाहा: हाडाचा जाड काळा पट्टा, आणि त्याला दोन्ही अंगांनी पांढरी किनार. आतली किनार मेंदूच्या आवरणावर शेपटीसारखी लांबत गेलेली, बाहेरची खोबणीत उतरलेली. दाहाच्या नादात बघणारा खोबणीतली किनार पाहतो, आतली शेपटी पाहायची राहून जाते.

फॅट सप्रेशन फसतंही. सायनसमधली हवा किंवा दातांतलं धातूचं काम जवळ असलं की खोबणीच्या तळाशी चरबी दबत नाही आणि तिथे खोटा उजेड दिसतो, जो दाहासारखा वाटतो. जाणता तंत्रज्ञ हे कन्सोलवरच ओळखतो आणि डिक्सन किंवा स्टिर पद्धतीचं चित्र जोडतो. नागपुरात असे तंत्रज्ञ आहेत, आणि गुणांतला चौथा गुण त्यांचाच आहे. शहरात १.५ आणि ३ टेस्ला दोन्ही यंत्रं आहेत. ३ टेस्लाचं चित्र जास्त रेखीव येतं, पण हवेजवळची ही गडबडही त्यावर वाढते. नीट आखलेलं १.५ टेस्लाचं स्कॅन या आजाराला पुरेसं आहे. फक्त "३ टेस्ला" पाटीसाठी जास्त पैसे मोजू नका.

तयारीत काउंटरवर जे विचारलं जात नाही ते स्वतःहून सांगायचं. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत वेल्डिंग, ग्राइंडिंग, लेथचं काम केलेल्यांनी डोळ्यात कधी कण गेला होता का, हे तंत्रज्ञाला आधी सांगावं. लोखंडाचा बारीक कण चुंबकात हलला तर डोळा जाऊ शकतो. म्हणून आधी खोबणीचा साधा एक्स-रे काढतात. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट यांबद्दल विचारतातच. काजळ, सुरमा, आयलायनर, मस्कारा घरीच पूर्ण पुसून या. त्यात लोहाचे कण असले तर ते ऐन डोळ्यासमोर चित्र फाडतात, आणि आपल्याला पाहायचंय ते तिथेच. मंगळसूत्र, जोडवी, नथ, जरीची साडी, सगळं बाहेर.

कॉन्ट्रास्ट म्हणजे गॅडोलिनियमचं इंजेक्शन. मात्रा किलोमागे ०.१ मिलिमोल, म्हणजे नेहमीच्या औषधाचे ६० किलोच्या माणसाला १२ मिली. गॅडोब्युट्रॉल दुप्पट तीव्रतेचं असल्यानं त्याचे ६ मिली पुरतात. बाटली लहान दिसली म्हणून औषध कमी दिलं असं नाही. किडनीचा त्रास किंवा मधुमेह असेल तर ताजा क्रिएटिनिन रिपोर्ट सोबत ठेवा. ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर कोणतं औषध द्यायचं हा निर्णय डॉक्टरांचा. गर्भारपण असेल तर टेबलावर जाण्याआधीच सांगायचं. दोन-चार तास उपाशी या असं सांगतात, पण ते पाण्याला लावून मे महिन्यात ४५ अंशांत घसा कोरडा ठेवून येऊ नका. पाणी चालतं का, हे फोनवर विचारून घ्या. यंत्रात ३० ते ४५ मिनिटं लागतात. त्या वेळात डोळे मिटून स्थिर ठेवायचे. आवाजाला दचकून बुबुळं फिरली की नस धूसर येते, आणि तो काप परत घ्यावा लागतो. कानात बोळे मागून घ्या.

एमआरआयचं एक उणेपण कोणतंही सेंटर काउंटरवर सांगत नाही: त्यात हाड काळंच दिसतं. जाड झालेलं हाड आणि हवा, दोन्ही काळी. म्हणून स्फेनॉइडच्या गाठीचा संशय असेल तर खोबणीचा सीटी स्कॅनही हवा, १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप, बोन विंडोमध्ये, म्हणजे हाड नीट दिसेल अशा मांडणीत. या सीटीला कॉन्ट्रास्टची गरज नाही, आणि कॉन्ट्रास्ट नको म्हटलं की खर्चही कमी होतो. काही मिनिटांचं काम आहे. फिल्मवर दोन्ही बाजूंची बाहेरची भिंत एकमेकींशी ताडून पाहा. निरोगी बाजूला नीट, सडपातळ हाड. गाठीच्या बाजूला तेच हाड फुगलेलं, कडा खडबडीत. फायब्रस डिस्प्लेसिया या हाडाच्या आजारातही हाड फुगतं, पण त्यात ते घासलेल्या काचेसारखं एकसारखं धुरकट दिसतं आणि कडा गुळगुळीत असते. प्रोस्टेट किंवा स्तनाचा कॅन्सर हाडात पसरला तरी असं दिसू शकतं, म्हणूनच जुन्या आजाराची ती ओळ चिठ्ठीवर हवी. आमच्या मते नागपुरातल्या सेवेची सगळ्यात मोठी उणीव इथेच आहे: एमआरआय आणि सीटी एकाच छताखाली असतात, पण दोन्ही एकत्र वाचून एक रिपोर्ट द्या असं कोणी मागत नाही आणि म्हणून कोणी देत नाही. मागा.

दृष्टीच्या नसेच्या आवरणाचा मेनिन्जिओमा याहून लहान आणि आणखी लपून राहणारा. कोरोनल कापात नसेभोवती उजळलेलं कडं, ॲक्सियलमध्ये रेल्वेच्या रुळांसारख्या दोन समांतर रेघा. नसेच्या आवरणाचा दाहही असाच दिसतो. फरक काळानं कळतो: दाहात दुखणं असतं आणि योग्य उपचारानं नजर सुधारते, गाठीत नजर हळूहळू, न दुखता उतरत जाते. तिसरी फसवी जागा कॅव्हर्नस सायनस. डोळ्यामागे ठणका आणि डोळा वळेनासा झाला की टोलोसा-हंटचं नाव येतं. १९५४ मध्ये टोलोसा आणि १९६१ मध्ये हंट यांनी वर्णन केलेला हा दाह खरा आहे, पण ते नाव बाकी सगळं वगळल्यावरच द्यायचं असतं. मेनिन्जिओमा, लिम्फोमा, पिट्युटरी ग्रंथीची गाठ, दुसरीकडून आलेला कॅन्सर, हे सगळे त्याच जागी बसून तसाच ठणका देतात. लिम्फोमासाठी डिफ्युजनचं चित्र मागावं. पेशी दाट असल्यानं तो त्यात चटकन उठून दिसतो.

मधुमेह असलेल्या माणसाचा डोळा अचानक सुजला तर या सगळ्याच्या आधी काळी बुरशी. २०२१ च्या उन्हाळ्यानं ते विदर्भाला पुरतं दाखवलं आहे. तिथे वाट पाहण्यात तास मोजायचे असतात, आणि आंधळेपणानं दिलेलं स्टिरॉइड जिवावर बेततं. स्कॅनमध्ये सायनस आलेच पाहिजेत.

रिपोर्ट हातात पडला की शेवटची "इम्प्रेशन"ची ओळ वाचून पाकिटात घालू नका. त्यात स्नायूंचं पोट आणि टोक यांचा वेगवेगळा उल्लेख आहे का? नस आणि तिचं आवरण, खोबणीचं मागचं टोक, ऑप्टिक कॅनाल, कॅव्हर्नस सायनस, स्फेनॉइडच्या पंखावरचं मेंदूचं आवरण, कानशिलाचा स्नायू, अश्रुग्रंथी, हाड, यांचं काय लिहिलंय? यातल्या जागांचं नावच नसेल तर त्या पाहिल्या की नाही हे कळायला मार्ग नाही. अशा वेळी रेडिओलॉजिस्टना भेटून पुरवणी रिपोर्ट मागणं यात उद्धटपणा काहीच नाही. "दाहासारखं दिसतं, क्लिनिकल कोरिलेशन करावं (रुग्णाच्या तपासणीशी ताडून पाहावं)" एवढ्याच दोन वाक्यांवर महिनोन् महिने स्टिरॉइड चालू ठेवणं मात्र धोक्याचं आहे. इन्फ्लेमेशन, म्हणजे दाह, लिहिलेलं असलं तरी डोस उतरवताना डोळा परत फुगला, तर ते स्कॅन जुनं झालं असं समजून नवीन काढावं आणि तुकडा तपासण्याबद्दल विचारावं.

एक प्रश्न बायकांनी डॉक्टरांसमोर स्वतःहून काढावा: हार्मोनचं औषध. सरकारी दवाखान्यात मिळणारं अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन म्हणजे मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅम. ते दीर्घकाळ घेणं आणि मेनिन्जिओमा यांचा संबंध २०२४ मध्ये फ्रान्समधल्या मोठ्या अभ्यासात दिसला. धोका एकंदरीत लहान आहे आणि आपल्या मनानं इंजेक्शन बंद करण्याचं कारण नाही. पण गाठ सापडली असेल, तर किती वर्षं घेतलं हे न्यूरोसर्जनला कळायलाच हवं, कारण औषध थांबवणं हाही उपचाराचा भाग ठरू शकतो.

पैशांचं पाहू. कॉन्ट्रास्टचे पैसे वेगळे लागतात आणि "ऑर्बिट अधिक ब्रेन" हे काही ठिकाणी दोन स्कॅन धरतात, काही ठिकाणी एक. पावती फाडण्याआधी दोन्ही आकडे एकत्र विचारा. मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी रुग्णालयं किंवा मिहानमधलं एम्स इथे खर्च खूपच कमी. तारीख लांबची मिळाली आणि नजर घटत असेल, तर ते ओपीडीतल्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर "तातडीचं" असं लिहून आणायचं. खिडकीवर हुज्जत घालून उपयोग होत नाही. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन व्हायचं असेल तर मंजुरीसाठी फिल्म आणि रिपोर्ट लागतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटून कुठले कागद लागतील ते लिहून घ्या, म्हणजे गडचिरोलीची एक फेरी वाचते.

शेवटची गोष्ट सीडी. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळी. डायकॉम स्वरूपातली (स्कॅनच्या मूळ चित्रांची) सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागा आणि निघण्याआधी काउंटरवरच उघडून दाखवायला सांगा. रिकामी निघाली तर तेव्हाच कळलेलं बरं. थर्मल फिल्म उन्हात उभ्या गाडीत ठेवली तर काळवंडते, नागपुरात तर एका दुपारीच. मेनिन्जिओमा लहान आहे, नजर शाबूत आहे, म्हणून डॉक्टरांनी नुसतं लक्ष ठेवायचं ठरवलं, तर काही महिन्यांनी हेच स्कॅन परत होतं. ते शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच काप-जाडीनं करून घ्या, आणि जुनी सीडी कपडे बदलायच्या आधीच तंत्रज्ञाच्या हातात द्या.